हत्ती नव्हे, मकाव! कोपानच्या तेराव्या राजाची गोष्ट

(या भागाची लिखित आवृत्ती. ऐकायला वेळ नसेल, किंवा नावं नीट वाचायची असतील, तर ही तुमच्यासाठी.)

 

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करते. चूक माझी आहे, त्यामुळे दुरुस्तीही मलाच करायला हवी.

काही महिन्यांपूर्वी आपण प्राचीन संस्कृतींवर एक भाग केला होता. त्यात बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेले की, मध्य अमेरिकेत माया लोकांच्या एका दगडी खांबावर चक्क हत्ती कोरलेले आहेत, आणि वर फेटा बांधलेला माहूतही आहे. जेमतेम अर्धं मिनिट. पण नेमकी त्या अर्ध्या मिनिटाचीच क्लिप सगळ्यात जास्त फिरली. कुणी त्यावर तिरंगा लावला, कुणी लिहिलं, 'कोलंबसच्या आधी आपण!' मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ही माहिती मला मिळाली कुठून? बाबांकडून. घरच्या ग्रुपवर त्यांनी एक फोटो टाकला होता, खाली चार ओळी. फोटोत खरंच सोंडेसारखं काहीतरी दिसत होतं. मी फोटो मोठा करून बघितला, "अरे वा!" म्हटलं, आणि पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये बोलून मोकळी झाले.

मग अकरावीतल्या एका मुलाचा मेसेज आला. त्याने दोनच प्रश्न विचारले होते. "ताई, अमेरिकेत तेव्हा हत्ती होते का? आणि तो खांब नक्की कुणाचा आहे, हे तुम्ही सांगितलंच नाही."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. दुसरा मात्र मनात रुतून बसला. कारण खरंच, मी त्या खांबावरचा हत्ती सांगितला, फेटा सांगितला, पण तो खांब ज्याने उभा केला त्या माणसाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. आज आपण त्या माणसाची गोष्ट ऐकणार आहोत. हत्तीकडे शेवटी येऊच.

खांब कुणाचा?

नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे होंडुरास नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेलगत, एका नदीच्या खोऱ्यात कोपान हे माया शहराचे अवशेष आहेत. १९८० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माया लोकांचं एकच एक साम्राज्य कधी नव्हतं. डझनावारी नगरराज्यं होती. प्रत्येकाचा राजा वेगळा, देव वेगळे, भांडणं वेगळी. कोपानचं राजघराणं इ.स. ४२६-४२७ च्या सुमारास सुरू झालं. संस्थापकाचं नाव किनिच याश कुक मो. यातला 'मो' तेवढा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. या घराण्यात पुढे चारशे वर्षांत सोळा राजे झाले.

आपला माणूस तेरावा. तो इ.स. ६९५ च्या जानेवारीत गादीवर आला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, तेव्हा आपल्याकडे दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. याच्या आधीचा राजा तब्बल ६७ वर्षं गादीवर होता. म्हणजे त्याच्या हाती आलेलं राज्य स्थिर होतं, श्रीमंत होतं, आणि आजूबाजूच्या लहान गावांवर त्याचा वचक होता.

त्याचं नाव होतं वाशाकलाहून उबाह काविल.

दचकू नका. मलाही हे नाव पाठ करायला दोन दिवस लागले. सोयीसाठी आपण त्याला उबाह काविल म्हणू. पण कित्येक दशकं जगाने त्याला वेगळ्याच नावाने ओळखलं. इंग्रजी पुस्तकांत तो 'एटीन रॅबिट' होता. अठरा ससा! राजाचं नाव अठरा ससा.

ससा कुठून आला?

माया लिपी चित्रांसारखी दिसते. माणसांची तोंडं, प्राण्यांची डोकी, हात, टिंबं, रेघा. १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया लोकांची पुस्तकं जाळली. आज जगात चारच माया पोथ्या उरल्या आहेत. पुस्तकं गेली, वाचणारे गेले, आणि दगडांवरची अक्षरं मुकी झाली.

पुढे अभ्यासकांनी तारखा वाचायला सुरुवात केली, कारण आकडे सोपे असतात. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच. या राजाच्या नावात अठराचा आकडा दिसला आणि त्यापुढे एका प्राण्याचं डोकं. प्राणी सशासारखा वाटला. झालं, अठरा ससा.

मुळात तो ससाच नव्हता. जमिनीत बिळं करणारा, गालात पिशव्या असणारा, घुशीसारखा दिसणारा गोफर नावाचा प्राणी होता तो. आणि गंमत पुढेच आहे. नावाशी त्या प्राण्याचाही काही संबंध नव्हता! माया भाषेत गोफरला 'बाह' म्हणतात, आणि 'बाह' याच उच्चाराचा दुसरा अर्थ आहे प्रतिमा, रूप. समजा आपण मराठीत 'कर' लिहिण्यासाठी हाताचं चित्र काढलं, आणि अर्थ मात्र सरकारला भरायचा कर असा असला, तर कसं होईल? तसंच.

काविल हा विजेचा आणि राजसत्तेचा देव. वाशाकलाहून म्हणजे अठरा. त्यामुळे पूर्ण नावाचा अर्थ होतो, 'काविलची अठरा रूपं'. कुठे तो ससा आणि कुठे हे!

हे कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हने दाखवलं की, ही चिन्हं नुसती चित्रं नाहीत, त्यातली बरीच उच्चार सांगतात. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कूरियाकोफने सिद्ध केलं की, या शिलालेखांत राजांचे जन्म, राज्यारोहणं, मृत्यू नोंदवलेले आहेत. त्याआधी मोठेमोठे विद्वान समजत होते की, माया लोक दगडावर फक्त ग्रहतारे आणि पंचांग कोरत. थोडक्यात, ज्या राजाने दगडावर स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा कोरून ठेवलं, त्याला आपण आधी पंचांग समजलो आणि मग ससा.

दगडांचं अंगण

आता त्याचं काम बघू.

कोपानच्या मधोमध एक मोठं मोकळं अंगण आहे. उबाह काविलने तिथे ७११ ते ७३६ या पंचवीस वर्षांत सात उंच कोरीव खांब उभे केले. अभ्यासक यांना स्टेला म्हणतात, आपण शिलास्तंभ म्हणू. जवळजवळ प्रत्येकावर तोच आहे. कधी एका देवाच्या वेशात, कधी दुसऱ्या.

माया शहरांत शिलास्तंभ ठिकठिकाणी आहेत, पण बहुतेक जागी कोरीव काम उथळ असतं, पाटीवर चित्र काढल्यासारखं. कोपानचे कारागीर दगडात खोल उतरले. राजाचा चेहरा, हात, कमरेचा पट्टा, पिसारा, सगळं दगडातून बाहेर आलेलं. पुतळाच म्हणावा असं. याचं एक कारण तिथला दगड. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हा हिरवट दगड खाणीतून काढताना मऊ असतो. मधेच त्यात कठीण गाठी लागतात, काही ठिकाणी कारागिरांनी त्या तशाच ठेवून दिल्या आहेत. आणि हे सगळं लोखंडाशिवाय बरं का. दगडाची छिन्नी, दगडाचीच हातोडी. वरून रंग. शिलास्तंभ 'सी'वर लाल रंगाच्या खुणा आजही दिसतात.

शिलास्तंभ 'एच' बघितला की माझी ससेवाली मंडळी पुन्हा आठवतात. त्यावरच्या आकृतीने मण्यांच्या जाळीचा घागऱ्यासारखा पोशाख घातलाय. म्हणून बराच काळ लोक समजत होते की ही राणी आहे. पण तो उबाह काविलच आहे, मक्याच्या देवाच्या वेशात. मका म्हणजे त्यांचं अन्न. मक्याचा देव मरतो आणि पुन्हा उगवतो. राजा तो पोशाख घालून प्रजेला सांगतोय की, कणीस भरायचं काम माझ्याकडे आहे.

हे खांब त्याने मनाला येईल तेव्हा उभे केले नाहीत. माया कालगणनेत ३६० दिवसांचं एक वर्ष, तशी वीस वर्षं म्हणजे ७२०० दिवसांचा एक काटून. काटून संपला की मोठा विधी. ७३१ च्या ऑगस्टमध्ये असाच एक काटून संपला आणि शिलास्तंभ 'बी' उभा राहिला. तोच तो, बाबांच्या फोटोतला.

त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी उभारलेल्या शिलास्तंभ 'ए'वर राजाने एक मोठी गोष्ट लिहून ठेवलीय. त्यात चार शहरांची नावं एकत्र येतात: कोपान, तिकाल, कालाकमुल आणि पालेंके. आपलं शहर माया जगातल्या चार मोठ्या शहरांपैकी एक आहे, असा तो दावा. तेव्हा त्याला गादीवर येऊन ३६ वर्षं झाली होती. नातवंडांना मांडीवर घेऊन बसायचं वय. त्याला वाटलं असेल की आता काही राहिलं नाही.

सात वर्षांनी त्याचं डोकं उडवलं गेलं.

मे ७३८

कोपानच्या उत्तरेला, सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटरवर, किरिग्वा नावाचं छोटं शहर होतं. पुणे-लोणावळा म्हणा ना. मधे डोंगर. किरिग्वा कोपानच्या हाताखालचं. पण ते मोताग्वा नदीच्या काठावर होतं, आणि माया जगात सोन्यापेक्षा मोलाचा असलेला हिरवा जेड दगड याच खोऱ्यातून जायचा. शहर लहान, पण नाक्यावर बसलेलं.

७२४ च्या शेवटी तिथे नवा राजा गादीवर बसला. बसवला कुणी? उबाह काविलने. किरिग्वाचा शिलालेखच सांगतो की, हा राज्यारोहणविधी कोपानच्या राजाच्या देखरेखीखाली झाला. या नव्या राजाचं नाव काक तिलिव चान योपात.

'काक' ऐकून आपल्याला कावळा आठवतो. थांबा. त्यांच्या भाषेत काक म्हणजे आग. 'चान' म्हणजे आकाश, आपलं छान नव्हे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण याच कानाने मी तो हत्ती ऐकला होता.

तर हा काक तिलिव तेरा वर्षं मुकाट राहिला. पण किरिग्वाच्या एका शिलास्तंभावर ७३६ सालची नोंद आहे, तिच्यात कालाकमुलच्या राजाचं नाव येतं. कालाकमुल म्हणजे आजच्या मेक्सिकोतलं बलाढ्य शहर. तिकालचं हाडवैरी, आणि कोपानचं सख्य तिकालशी. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की, लहान किरिग्वाच्या पाठीशी मोठा हात उभा राहिला तो इथे.

इकडे उबाह काविल बांधकामात गुंतलेला. ७३८ च्या जानेवारीत त्याने कोपानचं नवं चेंडूमैदान लोकार्पण केलं. दोन उतरत्या भिंतींमधली जागा, रबराचा जड चेंडू, कमरेने मारायचा. खेळही आणि विधीही. मैदानाच्या भिंतींवर पक्ष्यांची मोठी दगडी डोकी बसवलेली.

जेमतेम चार महिने गेले. मे ७३८ मध्ये काक तिलिवने उबाह काविलला पकडून त्याचा शिरच्छेद केला. किरिग्वाच्या लेखात यासाठी कुऱ्हाडीचं क्रियापद आहे. त्याच्या काही दिवस आधी कोपानच्या देवांच्या मूर्ती जाळल्याचीही नोंद आहे.

ज्याला आपण गादीवर बसवलं, त्याच्याच कुऱ्हाडीने त्रेचाळीस वर्षांचं राज्य संपलं.

आता विजेत्याने काय केलं ते बघा. त्याने किरिग्वात मोठं अंगण बांधलं. कुणासारखं? कोपानसारखं. त्यात शिलास्तंभ उभे केले. कुणासारखे? तसेच, फक्त जास्त उंच. तिथला दगड तांबूस वालुकाश्म, कठीण. खोल कोरता येत नाही, पण लांबच लांब निघतो. ७७१ मध्ये त्याने शिलास्तंभ 'ई' उभा केला. जमिनीतला भाग धरून साडेदहा मीटरच्या वर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा एकच दगड. माया लोकांनी उभारलेला हा सर्वांत उंच खांब. आणि त्यावर काय? ७३८ चा तो शिरच्छेद. घटनेला तेहतीस वर्षं झाली होती, तरी तो तेच सांगत होता.

मला इथे त्याची थोडी कीव येते. ज्याला मारलं, त्याच्याशी स्पर्धा संपलीच नाही त्याची.

पायऱ्यांवर लिहिलेला पराभव

मग कोपानने काय केलं? आधी तर गप्प बसले. चौदाव्या राजाने अकरा वर्षं राज्य केलं, पण स्वतःच्या नावाचा एकही शिलास्तंभ उभा केला नाही.

लक्षात घ्या, कोपान शहर जाळल्याच्या, लुटल्याच्या खुणा सापडत नाहीत. उबाह काविलचे सातही खांब जागच्या जागी राहिले. म्हणजे लोक रोज त्या अंगणातून जात होते. रोज तो चेहरा समोर. अशा वेळी दोनच रस्ते दिसतात. एक, त्याचं नाव पुसून टाका. दोन, जे झालं ते बोलूच नका.

पंधराव्या राजाने तिसरा रस्ता काढला. उबाह काविलने स्वतः सुरू केलेला एक कोरीव जिना होता, आपल्या आधीच्या राजाच्या थडग्यासाठी केलेला. पंधराव्याने तो वाढवला. साठाहून जास्त पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीच्या दर्शनी दगडावर अक्षरं. जवळजवळ २२०० चिन्हं. हा माया जगातला सर्वांत मोठा शिलालेख आहे. त्यात संपूर्ण घराण्याचा इतिहास आहे, आणि त्यात उबाह काविलचा मृत्यूही आहे. पण शब्द बदललेत. इथे कुऱ्हाड नाही. इथे गारगोटी आणि ढाल आहेत. माया भाषेत ही जोडी म्हणजे युद्ध. म्हणजे किरिग्वा म्हणतं, आम्ही त्याचं मुंडकं उडवलं. कोपान म्हणतं, आमचा राजा लढताना गेला.

खरं काय? मृत्यू खरा, वर्ष खरं, मारणारा खरा. बाकी शब्दाशब्दात दोन शहरांचं मन आहे. मला वाटायचं, दगडावर कोरलंय म्हणजे पक्कं. पण दगडावरही माणूसच लिहितो, आणि स्वतःला झेपेल तेवढंच लिहितो. एकच बाजू हाती आली असती तर आपण तीच खरी धरून चाललो असतो. दोन्ही दगड उरले, म्हणून दोघांच्या मधली जागा दिसते.

तरी मला कोपानचं कौतुक वाटतं. हरल्याची गोष्ट लपवणं सोपं होतं. त्यांनी ती शहरातल्या सगळ्यात मोठ्या जिन्यावर, सगळ्या पूर्वजांच्या रांगेत बसवली. पुढे ७७६ मध्ये सोळाव्या राजाने एक चौकोनी दगडी चौथरा घडवला. त्याच्या चार बाजूंना चार-चार, असे सोळाही राजे बसलेत. तेरावाही तिथेच आहे, बाकीच्यांसारखाच मांडी घालून. त्याला कुणी रांगेतून उठवलेलं नाही.

या जिन्याचं पुढे काय झालं तेही सांगते. तो मधल्या काळात ढासळला. १९३० च्या दशकात दगड पुन्हा रचले गेले, पण तेव्हा लिपी वाचता येत नव्हती. त्यामुळे खालच्या काही पायऱ्या सोडल्या तर बरेचसे दगड चुकीच्या क्रमाने बसले. पुस्तकाची पानं फाटून खाली पडावीत आणि कुणी ती अक्षरओळख नसताना शिवावीत, तसं. आजही अभ्यासक फोटो आणि नोंदी घेऊन तो क्रम लावत बसलेत.

आणि तो हत्ती

आता माझ्या चुकीकडे.

१८३९ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि फ्रेडरिक कॅदरवुड हा इंग्रज चित्रकार जंगल तोडत कोपानला पोचले. स्टीफन्सने ही जागा पन्नास डॉलर देऊन घेतली. कॅदरवुड चिखलात उभा राहून एकेक खांब रेखाटत होता. तेव्हा युरोप-अमेरिकेत सर्रास समज होता की, इथले 'जंगली' लोक असं काही घडवूच शकत नाहीत. हे इजिप्तच्या किंवा आणखी कुठल्या तरी लोकांचं काम असणार. स्टीफन्सने मात्र लिहिलं की, हे इथल्याच लोकांच्या पूर्वजांचं काम आहे. एक अक्षर वाचता येत नसताना त्याने हे ओळखलं.

पुढे सगळ्यांनी ऐकलं नाही. ग्राफ्टन इलियट स्मिथ हे मोठे शरीरशास्त्रज्ञ. मेंदू आणि ममी यांचा त्यांचा अभ्यास गाढा. पण जगातली सगळी संस्कृती इजिप्तमधून पसरली, असं त्यांच्या मनाने घेतलं. मधला टप्पा म्हणजे भारत. १९२४ मध्ये त्यांनी 'एलिफंट्स अँड एथ्नॉलॉजिस्ट्स' हे पुस्तक लिहिलं. मुख्य पुरावा कोणता? शिलास्तंभ 'बी'. त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांतली लांब वाकडी नाकं म्हणजे भारतीय हत्तीच्या सोंडा, आणि वर बसलेल्या छोट्या आकृत्या म्हणजे फेटेवाले माहूत. म्हणजे बाबांच्या ग्रुपवर आलेला मेसेज शंभर वर्षं जुना होता!

बघा तरी, यात आपला काय मान आहे? त्या सिद्धांतात भारत हा फक्त वाटेतला थांबा आहे. खरी अक्कल इजिप्तची, आपण ती पुढे पोचवणारे, आणि माया लोक ती घेणारे. आपण मात्र तेवढ्यावरच खूश.

अभ्यासकांनी तेव्हाही सांगितलं होतं की, ही सोंड नाही, चोच आहे. नीट बघा, नाकपुडी डोळ्याजवळ, चोचीच्या मुळाशी आहे. हत्तीची सोंडेच्या टोकाला असते. हा मकाव आहे, लांब शेपटीचा, लालभडक मोठा पोपट. पुढे अक्षरं वाचता येऊ लागली आणि वाद मिटला, कारण त्याच खांबावर लिहिलेलं आहे: 'मो वित्झ'. वित्झ म्हणजे डोंगर. आणि मो?

आठवलं ना? संस्थापक राजा, किनिच याश कुक मो. मो म्हणजे मकाव. चेंडूमैदानाच्या भिंतीवरची ती दगडी डोकी? तीही मकावचीच. म्हणजे उबाह काविल त्या खांबावर मकाव-डोंगराच्या गुहेच्या तोंडाशी उभा आहे. जो पक्षी त्याच्या मूळ पुरुषाच्या नावात आहे, तोच त्याच्या डोक्याशी आहे. मी त्या जागी हत्ती बसवला, तेव्हा मी फक्त एका प्राण्याचं नाव चुकवलं नाही. एका घराण्याच्या कुलपुरुषाची खूण पुसली आणि तिथे आपला शिक्का मारला. उद्या कुणी रायगडावरच्या दगडातलं एखादं चिन्ह बघून म्हणालं की हे आमच्या देशातून आलं, तर आपल्याला कसं वाटेल?

आणि हे लोक संपलेले नाहीत बरं. कोपानच्या आसपास आजही चोर्ती माया राहतात. शिलालेखांच्या भाषेला सगळ्यात जवळ ज्या भाषा आहेत, त्यांत चोर्ती येते. ते पूर्वज त्यांचे आहेत.

कोपानच्या राजघराण्याची शेवटची तारीख ८२२ ची. त्या वर्षीचा एक चौथरा आहे. एका बाजूचं कोरीव काम पुरं, दुसऱ्या बाजूला जेमतेम सुरुवात, उरलेल्या दोन बाजू कोऱ्या. कारागीर छिन्नी ठेवून निघून गेला, तो परत आला नाही. तिथे पुढे काय लिहायचं होतं, ते आपण भरायचं नसतं. कोरं ते कोरंच ठेवायचं.

रेकॉर्डिंगच्या आधी मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते आधी म्हणाले, "अगं, पण सोंड दिसतेय की!" मी त्यांना नाकपुडी दाखवली. चेंडूमैदानावरची डोकी दाखवली. मकाव आज होंडुरासचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि कोपानच्या अवशेषांवरून ते पुन्हा उडताना दिसतात, तेही सांगितलं. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "त्या राजाचं नाव काय म्हणालीस? लिहून दे मला. ग्रुपवर चुकीचं गेलंय ते मीच गेलं म्हणून सांगतो."

लिहून दिलं. वाशाकलाहून उबाह काविल.

जुनी क्लिप मी काढून टाकली आहे. पण ती ज्यांच्या फोनमधून पुढे गेली, त्यांच्यापर्यंत मी पोचू शकत नाही. तुम्ही पोचू शकता. तुम्ही ती कुणाला पाठवली असेल, तर हा भागही त्यांनाच पाठवा.

आणि आजच्या भागात कुठे मी चुकले असेन, तर कळवा. अकरावीतल्या त्या दोस्ताला खास थँक्यू. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि फोटो पुढे पाठवण्याआधी एकदा विचारा, हे कुणाचं आहे?